ऑनलाइन रंग-निवडीचं साधन: पडद्यापासून डब्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. रंगविक्रीच्या एका दुकानसाखळीसाठी वेबसाइटवर रंग निवडायचं साधन बनवायचं आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिळून दोन हजारांच्या आसपास शेड एका एक्सेल फायलीत आहेत. खोलीचा फोटो टाकला की भिंत रंगवून दाखवणारी सोय सगळ्यात आधी हवी, असा मालकांचा आग्रह आहे. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: पडद्यावर रंग खरा कसा दाखवायचा, इतक्या शेड मांडायच्या कशा, आणि फोटोची सोय खरंच आधी करावी का.

मी बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणं. पडद्यावर रंग खरा दिसणार नाही. हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरा आणि मालकांनाही तेव्हाच सांगून टाका. तुमच्या साधनाची कामं तीन आहेत. ग्राहकाला दोन हजार शेडमधून तीन-चार शेडपर्यंत आणायचं. त्या तीन-चारांचे खऱ्या रंगाने रंगवलेले नमुने त्याच्या हातात पडतील असं बघायचं. आणि त्याने पक्की केलेली शेड बरोबर बेस (ज्यात रंग मिसळून शेड बनते तो मूळ रंग), बरोबर फिनिश (मॅट, ग्लॉस अशी चमक) आणि बरोबर लिटरसह डब्यापर्यंत बिनचूक न्यायची. फोटोची सोय या तिन्हींनंतर.

पडदा रंग खरा का दाखवू शकत नाही, हे नीट समजून घेतलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, भिंत मात्र तिच्यावर पडलेला प्रकाश परत पाठवते. भिंतीवर २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आहे की ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र, यावर तीच शेड वेगळी दिसते. फोनवर ब्राइटनेस कमी-जास्त असतो, रात्री पडदा पिवळसर करणारा मोड असतो, आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याची झाक बदलणारी सोय असते, आणि यातलं काहीही तुमच्या वेबसाइटला कळत नाही. शिवाय आकाराचाही परिणाम असतो. बोटभर तुकड्यावर मवाळ वाटणारी शेड चार भिंतींवर लावली की जास्त रंगीत वाटते, कारण मोठा पृष्ठभाग डोळ्याला वेगळा दिसतो आणि कोपऱ्यात लगतच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात. त्यात फिनिशची भर पडते. एकच फॉर्म्युला मॅटमध्ये किंचित फिका आणि ग्लॉसमध्ये गडद, खोल वाटतो.

मग पडद्याच्या हाती काहीच नाही का? आहे. एका पडद्यावर दोन शेड शेजारी ठेवल्या तर कोणती उजळ, कोणती उबदार, कोणती जास्त मळकट, हे नातं बऱ्यापैकी टिकून राहतं. सगळा पडदाच पिवळट झाला तरी दोन्ही शेड सोबतच पिवळट होतात. म्हणून नातं बरोबर दाखवण्यावर जोर द्या. ते मात्र मूळ आकडे बरोबर असतील तरच जमतं.

आता तुमच्या एक्सेल फायलीकडे वळू. तीत प्रत्येक शेडपुढे आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे, तीन आकडे असतील. ते कुठून आले, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. बहुतेक वेळा कुणीतरी शेडकार्डाच्या पीडीएफवर ड्रॉपर ठेवून ते उचललेले असतात. एका कंपनीची पीडीएफ छपाईसाठी बनवलेली, दुसरीची वेबसाठी, तिसरीची स्कॅन केलेली. अशा आकड्यांवर दोन कंपन्यांच्या शेड शेजारी ठेवल्या की नातीच खोटी पडतात आणि मग वरची स्क्रीन कितीही देखणी असली तरी उपयोग नाही. कंपन्यांकडून स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंग मोजायच्या यंत्राने, मोजलेली मापं मागा. मोठ्या रंग कंपन्यांकडे ती असतात, कारण दुकानात रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनचे फॉर्म्युले त्यांच्यावरच बनतात. शक्य असेल तर संपूर्ण परावर्तन वक्र घ्या, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो ते: ४०० ते ७०० नॅनोमीटर, दर १० ला एक, म्हणजे शेडमागे ३१ आकडे. तो नाही मिळाला तर सीआयई लॅब या रंगमापन पद्धतीचे तीन आकडे चालतील. आणि एखाद्या कंपनीने काहीच दिलं नाही, तर तिच्या खऱ्या रंगाने रंगवलेल्या शेडकार्डावर स्वतः मापं घ्या. सगळ्या कंपन्यांची कार्डं एकाच यंत्रावर, एकाच सेटिंगवर मोजली तर उत्तमच.

सीआयई लॅब ही १९७६ सालची पद्धत आहे. तिच्यात एल म्हणजे उजळपणा, ० ते १०० मध्ये. ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे आणि बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. या मापांवरून पडद्याचे आकडे, म्हणजे एसआरजीबी, काढताना एक चूक सर्रास होते. लॅबचे आकडे कोणत्या प्रमाण उजेडासाठी आहेत, किंचित पिवळसर डी५० की त्याहून निळसर डी६५, हे फायलीत लिहिलेलं नसतं. छपाईच्या आणि ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरचं लॅब सहसा डी५० धरतं, ब्राउझरच्या सीएसएसमधलं लॅब फंक्शनही डी५० धरतं, एसआरजीबी डी६५ वर बेतलेलं आहे, आणि रंगाच्या प्रयोगशाळा बऱ्याचदा डी६५ आणि १० अंशांचा निरीक्षक (माणसाच्या नजरेचा ठरवलेला नमुना) वापरतात. डी५० वरचे आकडे पांढरा बिंदू (त्या उजेडात पांढरा म्हणून धरलेला रंग) जुळवून न घेता एसआरजीबीच्या गणितात घातले की सगळी यादी पिवळट दिसते. उलटं केलं की निळसर. कोणती शेड चुकली हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्याच सारख्या सरकलेल्या असतात. फक्त पांढऱ्या शेडच्या पानावर गेलं की काहीतरी खटकत राहतं.

यासाठी दोन चाचण्या कायमच्या लिहून ठेवा. लॅब १००, ०, ० दिलं की आरजीबी २५५, २५५, २५५ यायलाच हवं. लॅब ५०, ०, ० दिलं की ११९, ११९, ११९. दुसऱ्या उत्तरात तीन आकडे एकमेकांपेक्षा वेगळे आले तर पांढऱ्या बिंदूचा घोळ आहे. तिन्ही सारखे पण ११९ च्या जवळपास नसतील तर गॅमा, म्हणजे प्रकाशाचं पडद्याच्या आकड्यांत रूपांतर, चुकला. कोडमध्ये कुणीही हात घातला की या चाचण्या चालल्या पाहिजेत.

काही शेड एसआरजीबीत बसतच नाहीत. झगझगीत केशरी, भडक पिवळे, गडद फिरोजी यांत हे हमखास होतं. साधी लायब्ररी अशा वेळी ० च्या खालचं आणि २५५ च्या वरचं नुसतं कापून टाकते, त्यामुळे केशरी लालकडे किंवा पिवळ्याकडे घसरतो. त्याऐवजी उजळपणा आणि रंगकोन (रंगचक्रावरची रंगाची जागा) शक्यतो तोच ठेवून रंगाचा जोर, म्हणजे भडकपणा, हळूहळू कमी करा, तो मर्यादेत येईपर्यंत. आणि त्या शेडखाली सरळ लिहा की ही शेड प्रत्यक्षात पडद्यापेक्षा जास्त तेजस्वी आहे. ही ओळ ग्राहक आवर्जून वाचतात आणि त्यामुळे बाकीच्या माहितीवरही त्यांचा विश्वास बसतो.

शेडचे तुकडे जेपीजी चित्रं म्हणून ठेवू नका. कॉम्प्रेशनमध्ये रंगाची माहिती आधी कमी होते, कडांना डाग येतात, आणि कधी चित्रासोबत वेगळीच प्रोफाइल येते. साधा सीएसएस रंग भरा. शेडमागे कोड, नाव, लॅब, पडद्याचा रंग आणि कुटुंब एवढंच ठेवलं तर साधारण १०० बाइट लागतात. म्हणजे दोन हजार शेड २०० केबीत येतात, दाबून पाठवल्या तर त्याहून बऱ्याच कमी. एकदाच पाठवा आणि गाळणी (फिल्टर), क्रम, शोध सगळं ग्राहकाच्या फोनवरच चालू द्या. सर्व्हरला प्रत्येक वेळी विचारत बसलं तर बोट सरकवताना तुकडे अडखळतात, आणि अडखळणाऱ्या यादीत कुणी फार वेळ थांबत नाही.

आता मांडणी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

बहुतेक जण शेड एचएसएल (आरजीबीवरून रंगकोन, भडकपणा, उजळपणा काढायची सोपी पद्धत) पद्धतीच्या रंगकोनाने लावतात, कारण ते एका ओळीच्या कोडमध्ये होतं. परिणाम असा की यादी भडक पट्ट्यांसारखी दिसते आणि पांढऱ्या, राखाडी, बेज शेड तिच्यात कुठेही उगवतात. कारण सोपं आहे. रंगाचा जोर अगदी कमी असला की रंगकोन अस्थिर होतो. आरजीबीत एका आकड्याचा फरक पडला तरी पांढरी शेड गुलाबीतून उठून हिरव्यात जाऊन बसते. दुसरी अडचण उजळपणाची. एचएसएलच्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही ५० टक्के उजळ. लॅबमध्ये पडद्याच्या त्याच पिवळ्याचा एल ९७ आहे आणि निळ्याचा ३२. डोळा लॅबच्या बाजूने साक्ष देतो.

म्हणून लॅबवरून रंगाचा जोर आणि रंगकोन काढा, ज्याला क्रोमा आणि ह्यू म्हणतात, आणि आधी क्रोमा बघा. साधारण ५ च्या खालच्या शेड वेगळ्या काढा. त्यांची दोन कुटुंबं करा: पांढरे आणि ऑफ-व्हाइट एका बाजूला, राखाडी आणि मळकट तटस्थ दुसऱ्या बाजूला. उरलेल्या शेड रंगकोनाप्रमाणे आठ-दहा कुटुंबांत वाटा. कुटुंबाच्या सीमा गणिताने ठरवा, पण नंतर कंपनीच्या रंगतज्ज्ञाला आणि काउंटरवर रोज उभं राहणाऱ्या माणसाला समोर बसवून हाताने दुरुस्त करा. तपकिरी हा गणितात गडद केशरीच असतो, पण तो केशरीत शोधायला कुणी जात नाही. ऑलिव्ह हिरव्यात की पिवळ्यात, यावर वाद होईल. अशी शेड दोन्ही कुटुंबांत दाखवली तर काहीही बिघडत नाही.

कुटुंबाच्या आत आडवा अक्ष झाकेचा ठेवा आणि उभा अक्ष उजळपणाचा. वर फिकट, खाली गडद. जुन्या शेडकार्डाच्या पट्टीतही फिकट ते गडद असाच क्रम असतो, त्यामुळे ग्राहकाला काही शिकावं लागत नाही. बोटाने फिरवायचं रंगचक्र ठेवायचा मोह होईल, तो टाळा. चक्रावर अखंड रंग दिसतात. डब्यात मात्र ठरावीक शेड मिळतात, आणि ग्राहक चक्रावर असा बिंदू पकडतो जो कुणी विकतच नाही.

पांढऱ्यांचं पान सगळ्यात काळजीने करा. भिंतींसाठी सगळ्यात जास्त याच शेड निवडल्या जातात आणि सगळ्यात जास्त तक्रारीही यांच्याच येतात. "पांढरा मागितला, गुलाबी निघाला." एकटी ठेवली तर प्रत्येक ऑफ-व्हाइट पांढरीच दिसते, तिची झाक शेजार मिळाल्याशिवाय कळत नाही. म्हणून पांढऱ्यांची तुलना पान उघडल्या उघडल्या सुरू करा: मध्ये निवडलेली शेड, तिला चिकटून एक पिवळसर, एक गुलाबीसर, एक निळसर आणि एक हिरवट पांढरी, मध्ये फट न ठेवता. झाक शब्दांतही लिहा. "उबदार पांढरा, हलकी पिवळसर झाक" ही ओळ लॅबच्या ए आणि बी आकड्यांवरून आपोआप बनवता येते आणि नुसत्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडते.

शेजारच्या रंगाचा परिणाम ही जुनी गोष्ट आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळ्या धाग्याच्या तक्रारी आल्या होत्या. धाग्याच्या रंगात खोट सापडली नाही, शेजारचे रंग त्याला फिका आणि वेगळ्या झाकेचा भासवत होते. १८३९ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. तुमच्या स्क्रीनवरही हेच घडतं. दुकानसाखळीचा लोगो लाल असेल आणि वरची पट्टी लालभडक असेल, तर तिच्याखालची प्रत्येक राखाडी शेड हिरवट वाटेल. म्हणून रंग निवडायच्या पानांवर ब्रँडचे रंग बाजूला ठेवा. पार्श्वभूमी तटस्थ फिकी राखाडी असू द्या. शुद्ध पांढरी ठेवली तर सगळ्या ऑफ-व्हाइट शेड घाणेरड्या दिसतात, काळी ठेवली तर सगळ्याच शेड उजळ आणि धुतल्यासारख्या. फोन डार्क मोडवर असला तरी या पानांची पार्श्वभूमी बदलू देऊ नका. मार्केटिंगवाले यावर वाद घालतील. त्यांना तीच शेड दोन्ही पार्श्वभूमींवर दाखवा, पुढे बोलावं लागत नाही.

शेडचं नाव आणि कोड तुकड्यावर न छापता खाली छापा. अक्षरं तुकड्याचं दिसणं बदलतात, आणि मध्यम उजळपणाच्या शेडवर काळी-पांढरी दोन्ही अक्षरं वाचायला जड जातात. मजकुराला पार्श्वभूमीपासून किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो, तो तुकड्याखाली सहज मिळतो. आणि माहिती फक्त रंगावर कधीच सोडू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर १२ मागे साधारण एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इतरत्र प्रमाण कमी असलं तरी असे ग्राहक असतातच, आणि त्यांनाही घर रंगवायचं असतं. कुटुंबाचं नाव, झाक आणि उजळपणा शब्दांत असला की ते कुणाला न विचारता निवड करू शकतात. स्क्रीन-रीडर वापरणाऱ्यालाही तीच वाक्यं ऐकू जातात.

उजळपणासाठी रंगाच्या धंद्यात एलआरव्ही वापरतात: भिंत किती टक्के प्रकाश परत पाठवते, ० ते १०० मध्ये. कंपनीने दिला नसेल तर लॅबच्या एलवरून काढता येतो. एल ९५ म्हणजे एलआरव्ही साधारण ८८, एल ८० म्हणजे ५७, एल ५० म्हणजे फक्त १८. बघा, एल ९५ वरून ८० वर आलो तर परत येणारा प्रकाश एक तृतीयांशाने घटला. अंधाऱ्या खोलीसाठी शेड शोधणाऱ्याला हा आकडा फार कामाचा आहे, म्हणून तो गाळणीत घ्या. पण गाळणीवर "एलआरव्ही" लिहू नका. "खोली किती उजळ हवी" असं लिहा आणि आकडा शेडच्या पानावर ठेवा.

शोधाबद्दल थोडक्यात. लोक कोड टाकतात, तोही कागदावरून वाचून. शून्य आणि इंग्रजी ओ, रिकामी जागा, आडवी रेघ, या सगळ्यांकडे दुर्लक्ष करून जुळवा. राखाडी, करडा, ग्रे असं काहीही लिहिलं तरी एकाच कुटुंबात पोहोचवा. दुसऱ्या कंपनीची शेड शोधली तर जवळच्या शेड दाखवा, अंतर डेल्टा ई २००० ने, म्हणजे दोन रंगांतला फरक डोळ्याच्या हिशेबाने मोजणाऱ्या सूत्राने, मोजा. आरजीबीतलं सरळ अंतर इथे फसवतं, गडद निळ्यांत तर फारच. १ च्या खालचा फरक शेजारी ठेवूनही सहसा कळत नाही, तेव्हा "खूप जवळची" म्हणा. २-३ च्या पुढे गेलं की नुसतं "जवळपासची". "तीच शेड" असं कधीही लिहू नका. दोन कंपन्यांचे कलरंट, म्हणजे बेसमध्ये मिसळायचे रंग, वेगळे असतात, त्यामुळे दिवसाउजेडी जुळलेल्या दोन शेड दिव्याखाली वेगळ्या पडू शकतात. तुमच्याकडे परावर्तन वक्र असतील तर हा धोका आधीच मोजता येतो: एकदा डी६५ खाली अंतर काढा, एकदा घरातल्या पिवळ्या दिव्याशी मिळत्या प्रमाण उजेडाखाली, म्हणजे इलुमिनंट ए खाली. दोन उत्तरांत मोठा फरक आला तर ती जोडी सुचवूच नका.

यापुढचा भाग बहुतेक डिझाइनर विकणाऱ्यांवर सोडतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. शेड आणि माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहक शेड निवडतो, दुकान बेस विकतं. टिंटिंग मशीन बेसच्या डब्यात कलरंट सोडतं आणि शेड तयार होते. फिकट शेडला टायटॅनियम डायऑक्साइडने भरलेला पांढरा बेस लागतो. गडद शेडला असा बेस लागतो ज्यात तो फार थोडा असतो किंवा नसतोच, कारण पांढऱ्यात कितीही कलरंट ओतला तरी गडद लाल होत नाही, गुलाबीच होतो. आणि प्रत्येक उत्पादनात प्रत्येक बेस येत नाही. छताच्या मॅट रंगात किंवा स्वस्त इमल्शनमध्ये बऱ्याचदा फक्त पांढरा बेस असतो. म्हणजे ग्राहकाने प्रेमाने निवडलेली गडद हिरवी शेड त्याला हव्या त्या रंगात बनतच नाही, आणि हे त्याला पैसे भरताना किंवा त्याहून वाईट म्हणजे दुकानातून फोन आल्यावर कळतं.

डेटाची रचना याच्याभोवती करा. एक तक्ता शेडचा. एक तक्ता उत्पादनाचा, त्यात फिनिश आणि वापरायची जागा. मध्ये जोडणारा तक्ता: ही शेड या उत्पादनात बनते का, कोणत्या बेसमध्ये, कोणत्या मापाच्या डब्यात. साठा बेसचा तपासायचा, शेडचा नाही. मग ग्राहकाला पहिल्याच पायरीवर विचारा की रंग कुठे लावायचा आहे: आतली भिंत, छत, बाहेरची भिंत, लाकूड की लोखंड. उत्तर मिळालं की न बनणाऱ्या शेड मंद करा, लपवू नका. तिथेच लिहा की ही शेड अमुक उत्पादनात मिळेल. लपवली तर ग्राहकाला वाटतं दुकानात ती शेडच नाही.

तेजस्वी पिवळ्या आणि लाल शेडसाठी आणखी एक ओळ हवी. त्यांच्यात वापरली जाणारी सेंद्रिय रंगद्रव्यं खालचा रंग झाकण्यात कमी पडतात. दोन हातांत भिंत भरत नाही, तिसरा-चौथा हात लागतो, किंवा खाली योग्य झाकेचा अंडरकोट. हे आधी सांगितलं तर ग्राहक त्या हिशेबाने डबे घेतो. न सांगितलं तर रंगारी अर्ध्या भिंतीवर थांबतो आणि दोष दुकानाला लागतो.

लिटरचा हिशेब त्याच पानावर द्या. उदाहरण घ्या: खोली ४ बाय ३ मीटर, उंची २.७. भिंतींचं क्षेत्रफळ ३७.८ चौरस मीटर. एक दार ०.९ बाय २.१ आणि एक खिडकी १.५ बाय १.२ वजा केली की ३४.१ उरतं. दोन हात म्हणजे ६८.२. गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर एका हातासाठी लिटरमागे १० ते १२ चौरस मीटर धरले तर ५.७ ते ६.८ लिटर येतात. ग्राहकाला "६.२ लिटर" असा एकच आकडा दाखवू नका, तो आकडा आहे त्यापेक्षा जास्त पक्का वाटतो. "सुमारे ६ ते ७ लिटर" दाखवा आणि डब्यांची जोडणी सुचवा: १ आणि ४ लिटरचे डबे असतील तर एक ४ चा, तीन १ चे. लिटरमागचा आकडा प्रत्येक उत्पादनाच्या तांत्रिक पत्रकातून घ्या. खडबडीत किंवा नव्या प्लास्टरसाठी तो कमी करा. टिंट केलेला डबा सहसा परत घेतला जात नाही, हे ऑर्डरच्या बटणाशेजारी मोठ्या अक्षरांत हवं.

नमुना हा या साधनाचा गाभा आहे, म्हणून त्याचं बटण "कार्टमध्ये टाका" याच्या बरोबरीचं ठेवा. छापील कागद देऊ नका, खऱ्या रंगाने रंगवलेला द्या. चिकटून निघणारे मोठे तुकडे असतील तर उत्तम, छोटा सॅम्पल डबाही चालेल. डबा दिला तर रंग थेट भिंतीवर न लावता मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारायला सांगा, कडेने पांढरी पट्टी सोडून. पट्टीमुळे जुन्या भिंतीच्या रंगाचा परिणाम कमी होतो आणि पुठ्ठा हलवता येतो. तो खिडकीजवळ, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि रात्री दिव्याखाली उभा धरून बघायचा. आडवा धरला तर वरून पडणारा उजेड शेड उजळ दाखवतो. या सूचना नमुन्याच्या पाकिटावर छापा, वेबसाइटवर कुणी शोधत बसणार नाही. नमुना मिळाल्यावर काही दिवसांनी ग्राहकाला एकच प्रश्न पाठवा: यांपैकी कोणती? जोडीला "थोडी उजळ हवी" आणि "थोडी कमी पिवळी हवी" अशी बटणं. लॅबमध्ये एल वाढवून किंवा बी कमी करून जवळची खरी शेड लगेच सुचवता येते. सगळ्या साधनात मला ही जागा सर्वात आवडते, कारण ग्राहकाच्या बोलीतली तक्रार इथे थेट गणितात उतरते.

आता मालकांच्या फोटोकडे. ग्राहकाच्या फोटोतला प्रत्येक बिंदू म्हणजे भिंतीचा रंग गुणिले तिथे पडलेला प्रकाश. नवी शेड दाखवायची तर हे दोन वेगळे करावे लागतात. जुनी भिंत पांढरी असेल तर प्रकाशाचा अंदाज बांधता येतो. भिंत गडद किंवा नक्षीची असेल तर अंदाज ढासळतो. त्यात फोनचा कॅमेरा स्वतःहून व्हाइट बॅलन्स बदलतो, म्हणून पिवळ्या दिव्याखालची खोलीही पांढऱ्या उजेडातली वाटते. चित्र इतकं सुंदर निघतं की ग्राहक नमुना न मागवताच डबे मागवतो, आणि भिंत चित्रासारखी निघत नाही. मी मालकांना म्हणेन, पहिल्या टप्प्यात ठराविक उजेडात काढलेल्या आठ-दहा तयार खोल्या द्या. प्रत्येक खोलीची भिंत, छत आणि लाकूडकाम वेगळं कापून ठेवा, सावल्यांचा थर वेगळा ठेवा. उत्तरेकडची खोली, दुपारचं ऊन, रात्रीचा दिवा असे प्रकार घ्या. ग्राहकाला आपली खोली दिसत नाही, पण दोन शेडमधलं नातं खऱ्या सावल्यांसकट दिसतं.

तयार खोल्यांवर रंग चढवताना गुणाकार रेषीय प्रकाशात करा, म्हणजे पडद्याचे आकडे आधी खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात बदलून. पडद्याचा ११९ हा आकडा २५५ च्या ४७ टक्के दिसतो, पण त्याचा प्रकाश १८ टक्केच असतो. आकड्यांचा थेट गुणाकार केला तर सावल्यांतले रंग चुकतात आणि भिंत चित्रावर चिकटवलेल्या कागदासारखी वाटते. ग्राहकाचा स्वतःचा फोटो नंतर घ्या, आणि तेव्हाही त्या चित्राखालचं मुख्य बटण नमुन्याचंच असू द्या.

साधन चाललं की नाही, हे पानावर घालवलेल्या वेळावरून मोजू नका. जास्त वेळ म्हणजे बऱ्याचदा गोंधळ. नमुना मागवणाऱ्यांपैकी किती जणांनी डबे घेतले, घेतलेल्यांपैकी किती जण "शेड वेगळी निघाली" म्हणून परत आले, आणि किती जणांनी लिटर कमी पडले म्हणून त्याच शेडचा डबा पुन्हा मागवला, हे तीन आकडे दर महिन्याला बघा. दुसरा आकडा कुटुंबवार फोडा. एकाच कुटुंबात तक्रारी साचल्या असतील तर बहुधा मापं चुकलेली असतात.

शेवटचं, ऑर्डरची नोंद. कंपनी फॉर्म्युले बदलते, शेड बंद करते, नावं फिरवते. ग्राहकाच्या खात्यात नुसतं शेडचं नाव ठेवलं तर दोन वर्षांनी टच-अपसाठी आलेल्या माणसाला देण्यासारखं तुमच्याकडे काही नसतं. शेडचा कोड, उत्पादन, फिनिश, बेस, डब्याचं माप, टिंटिंगची तारीख, कोणत्या दुकानातल्या मशीनवर झालं ते आणि त्या दिवशीचा फॉर्म्युला, एवढं प्रत्येक डब्यामागे साठवा. ग्राहकाला खोलीचं नाव लिहायची जागा द्या, म्हणजे "मुलांची खोली, खिडकीची भिंत" असं शोधता येईल. हीच माहिती डब्याच्या झाकणावरच्या लेबलवर छापा, कारण दोन वर्षांनी टच-अप करायला बसलेल्या रंगाऱ्याला ग्राहकाच्या खात्याचा पासवर्ड माहीत नसतो.